बिभीषणचा डावा अंगठा

बिभीषण शिवशरण गेली सव्वीस वर्षं शरणबसवच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. दिवसा सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका विमा कचेरीत कारकुनी, आणि सुट्टीच्या दिवशी हळदी, वाढदिवस, जयंतीचे कार्यक्रम. गिटार त्याला कुणी शिकवली नव्हती. कॅसेट मागे-पुढे करत तो स्वतःच शिकला होता, आणि ही गोष्ट तो नव्या माणसाला ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचं डावं मनगट दुखायला लागलं. आधी कार्यक्रम संपल्यावर दुखायचं, मग कार्यक्रमातच. एकदा तिसऱ्या गाण्यालाच बोटं अशी आखडली की उरलेलं गाणं त्यानं नुसता पाय आपटून काढलं. मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. डॉक्टरांनी महिनाभर गिटार बंद ठेवायला सांगितलं, ते तर त्यानं घरी सांगितलंच नाही. शेवटी बायको सोनाली म्हणाली, "अहो, जुळे सोलापुरात एक मुलगी क्लासिकल गिटार शिकवते. हात कसा धरायचा इथपासून शिकवते म्हणे. दाखवून तर बघा."

"सव्वीस वर्षं वाजवल्यावर मी क्लास लावू?"

"बोटं हलंनात, आणि शिकून झालं म्हणताय!"

ती मुलगी म्हणजे बुद्धप्रिया. वय चोवीस. पुण्यात सहा वर्षं शिकून आलेली, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये शनिवारी क्लास घेणारी. तिनं बिभीषणच्या हातात नायलॉनच्या तारांची साधी गिटार दिली. मग बिभीषणनं आपला सगळ्यात वेगाचा तुकडा वाजवला. तो संपेपर्यंत तिनं नीट ऐकून घेतलं.

"छान. काका, दात का आवळता?"

बिभीषणनं जबडा सैल सोडला. दात आवळतो हे त्याला माहीतच नव्हतं.

"आणि हा डावा अंगठा वर का आलाय? भिंतीवरून शेजारी डोकावल्यासारखा?"

तिनं त्याचा अंगठा गिटारच्या मानेमागं नेऊन ठेवला. मग एकच तार दाबायला लावली आणि म्हणाली, "आता वाजवत वाजवत दाब कमी करा. तार खरखरली की थांबा, आणि केसभर वाढवा. बास, एवढाच जोर लागतो." बिभीषणनं करून पाहिलं. इतका कमी जोर लागतो यावर त्याचा विश्वास बसेना. नंतर तो सगळ्यांना सांगायचा, "सव्वीस वर्षं मी तार दाबत नव्हतो, तिचा गळा दाबत होतो."

उजव्या हाताचं आणखी अवघड. तार छेडायची चकती, म्हणजे प्लेक्ट्रम, बाजूला ठेवून तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं, माणूस चालतो तशी बोटं चालवायची. बिभीषणची तर्जनी दर वेळी दोनदा पुढं जायची. एका तारेवर वीस मिनिटांत त्याला घाम फुटला. घरी सोनालीनं विचारलं, "काय शिकवलं?"

"चालायला," तो म्हणाला.

शरणबसवला कळलं तेव्हा त्यानं विचारलं, "क्लासिकल? मग राग कुठला घेतलास?"

"सध्या मलाच येतोय."

डावा पाय उंच ठेवायचा म्हणून त्यानं घरातला पाट क्लासला पळवला. उजव्या हाताची नखं वाढवली, ती तुटू नयेत म्हणून सोनालीचं बिनरंगी नेलपॉलिश लावलं, आणि कचेरीत आठवडाभर हात टेबलाखाली ठेवून बसला. पण तिसऱ्या महिन्यात मनगट दुखायचं थांबलं. बोटं हलकी झाली, आणि पूर्वी एकमेकांत मिसळणारे सूर आता वेगवेगळे ऐकू यायला लागले.

मग केम गावात एका साखरपुड्याचा कार्यक्रम होता. गायला राजाबाई, ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात जुन्या. त्यांच्या पहिल्या गाण्याआधी गिटारचा एक वेगवान तुकडा असतो. बिभीषणनं तो स्वच्छ वाजवला. एकही सूर गिळला नाही. राजाबाई गप्प. त्यानं पुन्हा वाजवला. राजाबाई गप्पच. तिसऱ्यांदा वाजवल्यावर लोकांना वाटलं नुसत्या गिटारचाच कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. राजाबाईंनी माइकवर हात धरला.

"आरं, ते 'खट्ट' कुटं गेलं?"

"कुठलं खट्ट, ताई?"

"तू शेवटाला अडखळायचास की! त्या खट्टवरच मी गाणं उचलते. वीस वर्षं झाली!"

"आता मी मान हलवतो, तेव्हा उचला," बिभीषण कसाबसा म्हणाला. चौथ्या वेळी गाणं सुरू झालं.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत तो मांडीवर बोटांनी तोच तुकडा वाजवत राहिला. आपली ती चूक आवाजात झाकून जाते, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. शरणबसवनं समजूत काढली, "मनाला लावून घेऊ नको रे. आमाला वाटायचं, ती चालच तशी हाय."

शनिवारी त्यानं हे बुद्धप्रियाला सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही तीन-तीन तास, लोकांसमोर, न थांबता कसं वाजवता? माझा एक सूर चुकला की हातच थांबतो. म्हणून मी स्टेजवर जातच नाही."

बिभीषणला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण ती खाली बघत होती.

"उभ्या राहा मॅडम," तो पाट बाजूला सारत म्हणाला. "पहिली गोष्ट, चुकलं तर चेहरा बदलायचा नाही."