गणूचं वय, चंद्राचं माहेर

मुलांनो, श्रावणात चाकणहून चंद्राच्या सुनेचा फोन आला. चंद्रा गेली... सुट्टीत तुम्हाला गरम भाकरी वाढणारी चंद्राआजी. तिची-माझी ओळख कोर्टात झाली, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाकणच्या बाजारात व्यापाऱ्याने चारचौघांत मारलं म्हणून गणू नावाच्या पोरक्या मुलाने त्याची कांद्याची वखार पेटवली. आत झोपलेला राखणदार भाजला. तुमचे आजोबा गणूचे वकील; मी तेव्हा कायदा शिकत होते, म्हणून खटला बघायला गेले होते. तेव्हाच्या कायद्याने सोळाच्या आतल्याला सुधारशाळेत पाठवत. सोळा उलटलेल्यावर मोठ्यांसारखा खटला, मग सक्तमजुरी. पिंपरीत कारखान्याच्या बांधकामावर काम मिळावं म्हणून चुलत्याने गणूचं वय अठरा सांगून ठेवलेलं. डॉक्टरांनी दात पाहून चौदा ते सतरा असं मोघम सांगितलं.

खरं वय गणूच्या शेजारच्या रखमाबाईंना ठाऊक होतं. गणूची आई बाळंतपणात गेल्यावर त्यांनीच त्याला आपल्या चंद्राबरोबर अंगावर पाजलं होतं. पण गणू चौदाचा ठरला की चंद्राही चौदाची, आणि तिचं तर लग्न झालेलं. पंधराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा. लग्न लावणारा आपला नवरा तुरुंगात जाईल या भीतीने रखमाबाई साक्षीत "आठवत न्हाई" एवढंच म्हणाल्या.

माझ्या शेजारी बसलेली चंद्रा ताडकन उठली. "आये, आठवत कसं न्हाई? त्यो माज्याएवढाच हाय. येत्या मिरगाला पंधरा भरत्यात आमाला."

तिलाही शपथ दिली. सरकारी वकिलांनी विचारलं, "लग्न झालंय तुझं?"

"गळ्यात दिसंना व्हय?" कोर्ट हसलं.

"वडिलांना शिक्षा होईल, कळतं का?"

"कळतंय की. म्हनून तर आये बोलंना."

गणू सुधारशाळेत गेला. चंद्राच्या वडिलांवर खटला झाला, आणि त्यांनी मरेपर्यंत तिला माहेरचा उंबरा ओलांडू दिला नाही. कायदा मला पुस्तकातून कळला होता. त्याची झळ कुणाला लागते, ते त्या दिवशी दिसलं.

सुटल्यावर गणू भोसरीत कामाला लागला. पहिल्याच दिवाळीला तो मुराळी होऊन चंद्राला भाऊबिजेसाठी न्यायला आला. तेव्हापासून त्याची खोली हेच तिचं माहेर. दरवर्षी श्रावण लागला की पिशवी भरून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवायची.

परवा भेटायला गेले तर पिशवी तिथेच. सून म्हणाली, "काढत होते, तर गणूमामा म्हणाले, राहू दे. दिवाळीला मी येतोय."