समजाबाईंचे दोन पेले

जीप तळोद्याच्या दवाखान्याच्या फाटकात वळली तेव्हा माझ्या मांडीवर दुसरा नातू गेला. तीन वर्षांचा होता. शेजारी बसलेल्या समजाबाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, मग काढून घेतला. नेहमीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

तो शब्द म्हणजे ‘समजा’. बाई साताऱ्याकडच्या. आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायच्या, आमच्या पुढच्या खोलीत राहायच्या. रविवारी दहावीच्या मुली ओट्यावर जमत. “समजा, बापाचं वय क्ष,” असं सुरू झालं की मी आतून ओरडायचे, “बापालाच जाऊन विचारा की!” मुली खिदळत. बाईही हसत. “आजी, बाप घरी नसेल तर?” खडू संपला तर कोळशाने लिहीत. चुकलेलं गणित पुसू देत नसत, त्याच्याच खाली पुन्हा मांडायला लावत. मी चौथी शिकलेली. मला ते रिकामे धंदे वाटत.

माझा पहिला नातू सिकलसेलने गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आई-बाप दोघांच्या रक्तात रोग दडलेला आहे, चारात एका मुलाला होऊ शकतो. आमच्याकडे सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. सून रेखा पुन्हा गरोदर राहिली तेव्हा मी ओट्यावर सर्वांदेखत म्हणाले, “एक गया. आते तीन धड.”

बाईंनी फळा सोडला. माझ्याच घरातले दोन पेले आणि चार वाल घेतले. दोन वालांना कुंकू फासलं. प्रत्येक पेल्यात एक लाल, एक पांढरा.

“समजा, हा बाप, ही आई. आजी, न बघता दोन्हींतून एकेक काढा. दोन्ही लाल आले तर मूल आजारी.”

पहिल्याच खेपेला दोन्ही लाल निघाले. मी म्हटलं, “झालं. हे आता बाजूला ठेवा.”

“नाही आजी, परत टाका. दर मुलाच्या वेळी चारही दाणे पेल्यांत असतात. मागे काय निघालं ते दाण्यांना ठाऊक नसतं.” मग रेखाकडे वळल्या. “पोटात असतानाच तपासता येतं. सुरतेला मी सोबत येते.”

रेखा उठलीसुद्धा. मी वाल चुलीत टाकले. “तुन्हं लगीन नही व्हयनं बाई, तुले काय समजस?” रेखा खाली बसली. सुरतेला जाणं राहिलं, आणि जन्मलेल्या पोरालाही तोच रोग निघाला.

तो गेला त्या दिवशी जीपमध्ये मी वाट बघत होते, बाई म्हणतील, “मी सांगितलं होतं.” म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी पोराला माझ्या मांडीवरून उचललं आणि समोर बसलेल्या रेखाच्या हातात दिलं, एवढंच. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. जाताना माझ्या पाया पडल्या. मला ते सोसलं नाही, मी पाय मागे घेतले.

रेखाने पुन्हा मूल होऊ दिलं नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. नातू दोन होते, दोघेही गेले. मुलगा आहे, सून आहे, आणि मी आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची.