आत्या बोलायची थांबली की

गेल्या हिवाळ्यात आत्याला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. शिवणाच्या मशीनवरून उठताना पाय अडकून ती पडली होती. नडगीचं हाड मोडलं होतं आणि आत सळी घातली होती. पाय लांब ठेवूनच न्या, झटका बसता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बाबांना दोनदा बजावलं. बाबा टॅक्सी चालवतात, त्यामुळे एरवी प्रश्नच नव्हता. पण आत्या मागच्या सीटवर आडवी झाल्यावर तिचा पाय मांडीवर धरून बसायला कुणीतरी हवं होतं. मी धरून पाहिला. मला तो स्थिर धरता येईना, म्हणजे ते काम बाबांचंच होतं.

बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली, पण हातातून सोडली नाही.

"देऊन टाक रे," मागून आत्या म्हणाली. "आमची कॉलेजवाली नेईल."

घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे मला सगळंच येतं असं आत्याला वाटतं. मी तिला कधी तसं नाही म्हणून सांगितलेलं नाही. लायसन्स होतं, पण बाबा शेजारी नसताना मी गर्दीत कधीच गाडी चालवली नव्हती. शिकले ती मेळ्याच्या रिकाम्या मैदानात. तिथे बाबा एकच सांगायचे, "गाडी नाचवू नको." मी जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जायचं, बाबा पुढे ढकलले जायचे आणि हसायचे. तिथे त्या झटक्याने कुणाला दुखत नव्हतं.

हजीऱ्याच्या त्या दवाखान्यातून निघालो. आत्याने लगेच वॉर्डातली गोष्ट सुरू केली. तिच्या शेजारच्या पलंगावरची बाई म्हणे उशीखाली कचोरी लपवायची.

"सून डब्यात खिचडी आणायची गं. ही बिचारी गपचूप खायची. आणि सून गेली की..."

तेवढ्यात खड्डा आला. मी तो उशिरा पाहिला, ब्रेक दाबला आणि घाबरून स्टिअरिंगही वळवलं. गाडी आपटली. आत्या ओरडली नाही, नुसती गप्प झाली. आरशात बाबा तिच्या पायावर वाकलेले दिसले.

"सून गेली की काय, ताई?" त्यांनी हळूच विचारलं.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, अगदी बारीक, वॉर्डातल्या हिंदीत. "गेली की... कचोरी निकालती थी."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी घाबरू नये म्हणून ती कळ गिळत होती, हे माझ्या लक्षात आलं आणि मग मी रस्त्याइतकीच तिच्या आवाजाकडे कान देऊन गाडी चालवू लागले. पुढचा खड्डा दिसताच आधीच वेग कमी केला आणि चाक खाली उतरताना ब्रेकवरचा पाय काढून घेतला. गाडी अलगद उतरली. गोष्ट चालूच राहिली. वळणाच्या आत शिरल्यावर ब्रेक लावला, तर एक शब्द तुटला. पुढच्या वळणाला तो वळायच्या आधीच लावला, मग नाही तुटला.

पडावच्या पुलाच्या चढावर मात्र गाड्या अडकल्या. मागे एक ऑटो अगदी चिकटून उभी. गाडी मागे घसरली तर झटका, घाईत क्लच सोडला तरी झटका. मी हँडब्रेक ओढून ठेवला. पुढची गाडी हलली आणि मागून हॉर्न सुरू झाला.

"मैडम, आज ही चढ़ोगी ना?" ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं.

आत्याने पडल्यापडल्याच खिडकीकडे तोंड केलं. "तेरी अम्मा लेटी है इसमें! सबर कर!" मग मला म्हणाली, "तू बघू नकोस त्याच्याकडे. हं, तर नर्सला कचोरीचा वास आला..."

मी क्लच हळूहळू सोडला. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीला पुढची ओढ लागल्याचं पायाला कळलं, तेव्हा हँडब्रेक खाली केला. गाडी मागे गेली नाही. नर्स, उशी, सून, सगळं मागच्या सीटवरून न थांबता येत राहिलं, पूल उतरेपर्यंत, फूलबागेपर्यंत, पाटणकर बाजाराच्या गर्दीतून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत.

दाराशी गाडी थांबवली. बाबांनी आत्याचा पाय अजून तसाच धरला होता, पण आता नुसता हात टेकवलेला.

"मग?" आत्याने मला विचारलं. "काय म्हणाली असेल ती बाई सुनेला, सांग बघू?"

मी मागे वळून पाहिलं. "कशाबद्दल?" मी विचारलं. कचोरीचं पुढे काय झालं, सून कधी परत आली, यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी फक्त आत्या कुठे थांबते एवढंच ऐकत आले होते.

"घ्या!" आत्या बाबांना म्हणाली. "एवढं घसा फोडून सांगितलं आणि हिचं ध्यानच नाही!"

ती खरंच रुसली होती. बाबा हसत होते. मी किल्ली परत करायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "राहू दे. टाके काढायलाही तूच ने."