दहाव्याला बोलणारा माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ पुढारी झाला तो सभांमधून नव्हे, दहाव्यांमधून. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी गोदावरीच्या घाटावर पिंडदान होतं, अख्खा गाव जमतो, आणि कावळा पिंडाला शिवेपर्यंत कुणी ना कुणी उठून श्रद्धांजलीचे चार शब्द बोलतं. कॉलेजात दोनदा आपटलेला हा पठ्ठ्या तेव्हा पंचवटीत माझ्या खोलीवर राहायचा. मी शाळेत शिकवायला जायचे, हा घाटावर. एकदा सायखेड्याकडच्या कुणा म्हाताऱ्याच्या दहाव्याला बोलणारं कुणी नव्हतं, तर हा उभा राहिला. मेलेल्याला जन्मात पाहिलं नव्हतं! पण असा बोलला की विधवेनं पदर तोंडाला लावला आणि लोक म्हणाले, "लय गुणाचं पोर हाय."

मग काय, रोज कुठला ना कुठला दहावा. मी त्याचे पांढरे शर्ट इस्त्री करून द्यायचे. तो रडायचा ते खरं रडायचा, एवढं मी छातीठोकपणे सांगते. जिल्हा परिषद, मग आमदारकी, मग दिल्ली. माझं लग्न दोनदा ठरत आलं आणि दोन्ही वेळा याची निवडणूक आडवी आली. पुढे तो मोठ्या बंगल्यात गेला आणि मी इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या. संध्याकाळी कुकरच्या शिट्टीशिवाय घरात आवाज नसायचा. बोलायला कुणी नाही म्हणून मी रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचे. त्यात त्याचं नाव आलं की म्हणायचे, "जेवलास का रे मेल्या?"

आई गेली तेव्हा त्याचा मंत्रिपदाचा शपथविधी ठरला होता. अग्नी देऊन दिल्लीला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्यांच्या आयांसाठी जिल्हाभर रडलेला माणूस, स्वतःच्या आईच्या दहाव्याला नाही! पिंड चुलतभावानं ठेवला. कावळे झाडावर बसलेले, खाली यायला तयार नाहीत. मेलेल्याची इच्छा अडकली की असं होतं म्हणतात, म्हणून लोक एकेक शब्द देऊ लागले. "तुझा लेक मंत्री झाला, आता ये." "तुझं वावर पडीक नाय पडू देणार." छे! ऊन चढलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आईला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, शेवटच्या आजारात तिनं तेच एक धरून ठेवलं होतं. मला ते बोलायचं नव्हतं. त्याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही असं ठरवूनच मी घाटावर आले होते. शेवटी दातओठ खात म्हणाले, "त्याला कधी एकटं टाकणार नाही." कावळा खाली आला आणि लोक घाईघाईनं जेवायला उठले.

पुढे काही वर्षांतच तो पडला. धरणात घरं गेलेल्यांना द्यायच्या जमिनी यानं आपल्याच माणसांच्या नावावर करून दिल्या होत्या. खोटं नव्हतं ते, मी त्याची बाजू घेणार नाही. मंत्रिपद गेलं, पक्षानं काढलं, बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. गाड्या थांबायच्या त्या फाटकाशी कुत्रंही फिरकेना. मी दर रविवारी डबा घेऊन जाऊ लागले. शब्द दिला होता ना!

पण त्याला माणसाबरोबर नुसतं बसताच येईना. मी गेले की विचारायचा, "बोल ताई, काय काम होतं?" काही नाही म्हटलं की चुळबुळायचा, उठून खिडकीशी जायचा, मी काहीतरी लपवतेय असं बघायचा. डबा तसाच राहायचा. एका रविवारी तर चिडून म्हणाला, "काम नाही तर येतेस कशाला?" मी म्हणाले, "शेजारच्यांच्या मुलीची बदली करायची होती रे. फार लांब टाकलंय तिला."

तो ताठ बसला. फोन ओढला, नंबर फिरवला, आणि पलीकडच्याला असा झापला की बंगला दणाणला. फोन कापून महिना होत आला होता. मला ते ठाऊक होतं, त्यालाही. रिसीव्हर ठेवून म्हणाला, "होऊन जाईल तुझं काम."

मी माझ्या धाकट्या भावासमोर हात जोडले. म्हणाले, "उपकार झाले, साहेब."

तेव्हा कुठे तो डबा उघडून जेवायला बसला.