बाबांच्या चपला

काल संध्याकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर बाबांच्या चपला हातात घेऊन उभी होते. येणारे-जाणारे बघत होते… बघू देत. पाण्याजवळ नुसत्या पडलेल्या चपला आता मला बघवत नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं ओडिशाच्या किनाऱ्यावरचं एक पक्षी अभयारण्य बघायला गेलो होतो. रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून बाबांना पक्ष्यांचं वेड लागलंय. रोहित पक्षी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेच, हा त्यांचा हट्ट.

सकाळी नाव खाडीतल्या एका वाळूच्या पट्ट्याला लागली. लांब जाऊ नका, असं गाइडने बजावलं. बाबांनी उतरल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर काठाला चपला काढून ठेवल्या… नर्मदेवर काढतात तशा! मी चिडलेच. म्हटलं, हा घाट नाही, शिंपल्या लागतील पायाला.

"पाण्याजवळ चपला घालून जातात का कुठं?" म्हणाले, आणि निघाले अनवाणी.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर शेकडो रोहित, एका पायावर उभे… मी सगळं विसरले. किती वेळ गेला कोण जाणे. नजर खाली आली तेव्हा पाण्यातून एक चप्पल तरंगत येत होती. निळा पट्टा, त्यावर आमच्या मोच्याने घातलेले पांढरे टाके.

मघाशी काठ होता तिथे आता पाणी होतं. आणि बाबा कुठेच दिसत नव्हते.

जिवाच्या आकांताने हाका मारल्या, पण उपयोग काय… जन्मभर मशीनच्या आवाजात काम करून बाबांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र भिजेल म्हणून मीच ते हॉटेलवर ठेवायला लावलं होतं. घरी आईला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"दीदी, आप यहीं रुको!" म्हणत गाइड धावला. बाबा खारफुटीच्या झाडांमागे सापडले… पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतलेले, पाणी कमरेला आलेलं. तेही केव्हाचे हाका मारत होते म्हणे, पण वाऱ्यात आम्हाला ऐकूच आल्या नाहीत. गाइडने आणि नावाड्याने नावेतली फळी चिखलावर आडवी टाकली आणि त्यांना ओढून बाहेर काढलं.

नावेत टॉवेल गुंडाळून कुडकुडत बाबा म्हणाले, "ना पाऊस, ना बरगीचं गेट उघडलं… मग पाणी काहून चढून राहिलं होतं?"

सगळे हसले. आम्हा नर्मदेच्या माणसांना धरणाचं गेट ठाऊक, भरती कुठली ठाऊक असायला! मलाही ती सुचली नव्हतीच. मला मात्र हसू आलं नाही, हमसून हमसून रडले.

काल बाबा नव्या चपला काढून दोन पायऱ्या उतरले, पाणी कपाळाला लावलं. मग मागे वळून म्हणाले, "चपला काहून धरून राहिली? ठेव न खाली."

नाही ठेवल्या. त्या दिवशी माझं ऐकून त्यांनी चपला पायातच ठेवल्या असत्या, तर ती चप्पल तरंगत आली नसती, आणि मी दुर्बिणीतच बघत राहिले असते… याच्यापुढे मी विचार करत नाही.

ते वर आले, तेव्हा वाकून त्यांच्या पायाशी ठेवल्या.