संशय कुणावर?

गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांत तक्रार द्यायला निघालेली आणि वाटेत पावशेर पेढे बांधून घेणारी बाई तुम्ही कधी पाहिलीत का? नसेल पाहिली. ती मी. हसा खुशाल. माझी नातवंडंही हसतात.

माझा विचार साधा होता. आपण तक्रार द्यायची, साहेब शिपाई पाठवणार, शिपाई चोर धरणार, संध्याकाळपर्यंत गाडी दारात. मग पेढे द्यायला पुन्हा एवढ्या लांब कोण येणार? त्यापेक्षा आधीच देऊन टाकावेत. नवी साडी नेसले. अंबाड्याला जाळी लावली. आरशात बघून स्वतःलाच म्हणाले, साहेबीण दिसतेस गं. काय ते ध्यान!

हवालदार टेबलामागं बसला होता. मी खोकं उघडून पुढं धरलं. त्यानं एक पेढा उचलला.

"नाव?"

मी नाव सांगितलं.

"आडनाव?"

आडनाव सांगितलं.

पेढा तोंडापाशी गेला होता. तिथंच थांबला. मग हळूच खाली आला. त्यानं तो खोक्यात होता त्याच जागेवर ठेवला आणि बोटं पँटीला पुसली.

"हां. बोला, काय गेलंय?"

मी उभीच. खोकं हातात. झाकण लावावं की तसंच धरावं, कळेना.

नव्वद सालानंतरचे दिवस होते ते. आपल्या जिल्ह्याला तेव्हा अहमदनगर म्हणत. मी खाली कर्जतकडच्या कोरड्या भागात एका उपकेंद्रावर नर्स होते. ठाणं कुठलं ते सांगत नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्यात ही गोष्ट नेऊन ठेवा, बसेल. गाव हमरस्त्यालगत, वाड्या मात्र लांब लांब, आणि बाळंतपणं काही रस्ता बघून होत नाहीत. म्हणून केडगावच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडून जुनी लुना घेतली. पुढं निळ्या रंगात 'जयभीम' लिहून घेतलं. आमच्या घराण्यात इंजिन असलेली ती पहिली वस्तू. माझे वडील तिच्याभोवती फिरून फिरून बघत, बैल बघावा तसे.

हेच वडील मला लहानपणी सांगायचे, पोरी, पोलिसाला भ्यायचं नाही. कायदा बाबासाहेबांनी लिहिलाय. मी ते इतकं मनावर घेतलं, की ठाणं म्हणजे मला माहेरच वाटायचं. आणि माहेरी जाताना बाई रिकाम्या हातानं जाते का? म्हणून पेढे.

"गाडीची काही खूण?" हवालदारानं विचारलं.

"पुढं जयभीम लिहिलंय. निळ्या अक्षरात."

त्यानं शेजारच्या शिपायाकडं बघितलं. "मंग चोरानं आदी धुवून घेतली आसंल."

दोघंही खो खो हसले. आणि मीही हसले. हो, मीसुद्धा. माझ्या तोंडानं माझ्यावर हसले. साहेबलोक हसतात तेव्हा आपण गप्प राहिलो तर वाईट दिसतं, असं मला वाटलं.

तेवढ्यात फौजदार आतून आले. कागदावर नजर टाकली.

"नर्सबाई का? स्वतःची गाडी? मजा आहे बुवा तुमची. सरकारचे जावई."

मी पुन्हा हसले. हसण्यात मी त्या काळी हुशार होते.

"संशय कुणावर?"

"कुणावरच नाही साहेब. बाजाराचा दिवस होता. उपकेंद्राच्या भिंतीला लावली होती."

"असं कसं? नाव दिल्याशिवाय तपास कुठून करायचा? गावाबाहेर पारध्यांची पालं आहेत ना? त्यातलं कोण फिरतं तुमच्या दवाखान्याभोवती?"

त्यातलं कोण फिरतं, हे मला चांगलं माहीत होतं.

झुंबर. लोकांच्या शेताची राखण करायचा, उरलेल्या वेळात तितरांचे फासे विणायचा. त्याची बायको सुरकी. तिचं मूल माझ्या हातावर झालेलं, पालात, कंदिलाच्या उजेडात. आणि मला लुना शिकवली ती या झुंबरनं. त्याला स्वतःला चालवता येत नव्हती. तो नुसता मागून सीट धरून पळायचा आणि ओरडायचा, "बाई, फुडं बगा! माज्याकडं काय बगताय, मी काय पळून चाललोय व्हय?" सुरकी पोट धरून हसायची. एकदा मी थेट घाणेरीच्या झुडपात गेले, तर आधी त्यानं गाडी उचलली, मग मला. म्हणाला, "बाई भरून येत्यात, पत्रा न्हाई भरून येत." गावात गाडी कुठं लावली की हा जवळपास बसून असायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ती आवडायची.

त्या दिवशीही सकाळी तो तिथं बसलेला मी पाहिला होता.

"झुंबर असतो साहेब तिथं," मी म्हणाले.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, की साक्षीदार म्हणून बोलले. त्यानं काही पाहिलं असेल तर विचारा, एवढाच माझा अर्थ. खोटं. पारध्याचं नाव ठाण्यात घेतलं की काय होतं, हे नगर जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मलाही होतं. पण ठाण्यात आल्यापासून मला कुणी माणसात धरलं नव्हतं, आणि नाव घेताच साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"बसा की बाई. उभ्या का?"

स्टूल आलं. मी बसले. आणि हवालदारानं खोक्यातला तो पेढा उचलून तोंडात टाकला.

माझ्या खाली कुणीतरी मिळालं आणि मी वर चढले. एका स्टुलाएवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरकी उपकेंद्रात आली. कडेवर मूल, पाय धुळीनं माखलेले. "नर्सबाई, मालकाला धरून नेलं. तुमची गाडी चोरली म्हनत्यात. तुमी सायबाला सांगा की. तुमचं ऐकतील. तुमी सरकारच्या हाय."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "सांगते हं." मूल हातात घेतलं आणि त्याचं वजन केलं. काय करावं सुचत नव्हतं म्हणून वजन केलं!

मग गेले ठाण्यात. फाटकातच थांबले, कारण आतून आवाज येत होता. आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. बाळंतिणींचं ओरडणं मी आयुष्यभर ऐकलं आहे, पण त्या ओरडण्यानंतर काहीतरी जन्माला येतं.

हवालदार बाहेर आला, घाम पुसत. "आलंय तोंडापत्तूर. कबूल व्हईल. जावा घरी, गाडी मिळंल तुमची."

आणि मी घरी गेले. बाबासाहेबांच्या कायद्याची लेक. वळली आणि गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी गावातल्या मोठ्या वाड्याचा पोरगा मलम मागायला आला. कॉलेजात होता. बापाच्या शब्दावर सोसायटी चालायची, ऊसतोड कुणाच्या फडात आधी लागायची तेही तोच ठरवायचा. पोराच्या पोटरीवर लांबट भाजलं होतं. मला बघताच कळलं, सायलेन्सर. माझ्या पायावरही तसा डाग आहे, शिकतानाचा.

"कुणाची गाडी रे?"

"तुमचीच की," तो म्हणाला. अगदी सहज. "गंमत केली ओ बाई. मित्र आलते. पेट्रोल संपलं, मंग दिली कालव्याच्या चारीत सोडून. आबांनी फोन केलाय ठान्यात, घावंल तुमाला. चिडू नका."

त्याला लाज वाटत नव्हती. भीती तर नाहीच. मी कोण आहे, ठाणं काय आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. माझ्यापेक्षा पक्कं.

आणि मी काय केलं? मलम लावलं. नीट पट्टी बांधली. "ओलं करू नकोस" असंही बजावलं. त्याला दया म्हणू नका. सवय होती ती.

तो गेल्यावर मात्र मी उठले. उपकेंद्राला कुलूप लावलं आणि ठाण्यापर्यंत जवळजवळ पळत गेले. लुना अंगणात उभी होती. चिखलानं भरलेली, निळी अक्षरं तेवढी दिसत होती. म्हणजे यांना माहीत होतं. आधीच.

फौजदारांनी कागद पुढं सरकवला. "मिळाली बघा गाडी. सही करा आणि घेऊन जा."

मी वाचलं. खरं सांगते, पहिल्यांदा त्या ठाण्यात मी काहीतरी वाचलं. लिहिलं होतं, की गाडी झुंबरच्या पालामागून, पंचांसमक्ष जप्त केली.

"साहेब, ही चारीत सापडली. कुणी टाकली तेही मला माहीत आहे."

"पोरांची चेष्टा ती. त्यासाठी एखाद्याचं करिअर बिघडवायचं का?"

"मग झुंबरचं?"

साहेबांना खरोखरच कळलं नाही मी काय विचारते आहे ते. "त्याचं काय करिअर?"

मागच्या कोठडीच्या गजांपाशी झुंबर बसला होता. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवलेले, जणू दुसऱ्या कुणाचे. फुगून काळे पडले होते. त्यानं मला पाहिलं.

"बाई, गाडी घावली का?"

मी हो म्हणून मान हलवली.

"पत्र्याला काय झालं न्हाई ना?"

पेन माझ्या हातात होतं. मी ते टेबलावर ठेवलं.

"सही करणार नाही."

"गाडी पाहिजे का नको?"

"नको."

"बाई, नीट विचार करा. नोकरी करता तुम्ही."

"विचार करायचा होता तेव्हा केला नाही. आता करतेय. हे खोटं आहे, मी सही करणार नाही. आणि या माणसाला सोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. स्टूल नको. उभी राहते."

दुपार टळेपर्यंत उभी राहिले. बाहेर माणसं गोळा व्हायला लागली, उपकेंद्राच्या बायका आल्या, तेव्हा कुठं त्यांनी झुंबरला फाटकाबाहेर आणून सोडलं. सोडलं कसलं, टाकलं. मी त्याला नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हाडं जुळली, पण मूठ वळली नाही. ज्या हातांनी घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास वळायचा, त्यांना भाकरीचा तुकडा मोडता येईना.

मला नंतर कळलं, मारताना हवालदार त्याला सांगत होता, नर्सबाईनंच नाव दिलंय तुझं. म्हणजे गजांआडून त्यानं मला पत्र्याचं विचारलं, तेव्हा त्याला माहीत होतं.

मी माफी मागायला पालांवर गेले, तर तिथं नुसत्या चुली होत्या. रातोरात उठून गेले होते. महिन्याभरात माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरात झाली. भातखाचरांच्या बांधावरून चालत बाळंतपणं केली, तक्रार नाही. लुना त्या ठाण्याच्या अंगणातच राहिली, मुद्देमाल म्हणून. एकदा एसटीतून जाताना दिसली, चाकं मातीत रुतलेली, सीट फाटून आतला काथ्या बाहेर. उतरले नाही.

आता मी म्हातारी आहे आणि मला पोलिसांची भीती नाही, प्रेमही नाही. आमच्या भागातल्या कुणा बाईचं काही चोरीला गेलं, की मी तिच्याबरोबर ठाण्यात जाते. पेढे नेत नाही. "संशय कुणावर?" असं विचारलं, की मी सांगते, जे पाहिलंय ते लिहा. संशय घेणं तुमचं काम, आणि तो कुणावर घेता ते मी इथं बसून बघणार आहे. नवीन पोरं असतात खात्यात, काही चांगलीही असतात, खुर्ची देतात. खुर्ची मिळाली म्हणून मी कुणाचं नाव देत नाही. मरेपर्यंत देणार नाही.

पण हे शहाणपण मला ठाण्यात आलं असं समजू नका.

अकोल्याला जाऊन काही वर्षं झाली होती. नगरमध्ये बायकांचा मेळावा होता. संयोजक म्हणाले, बाई, तुमची गोष्ट सांगा. मी माईकसमोर उभी राहिले आणि झकास सांगितली. परत ठेवलेला पेढा, निळी अक्षरं, पोराची पोटरी. "सही करणार नाही!" म्हटलं तेव्हा मंडप उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मी पदर सावरला. पुन्हा तेच ध्यान, आरशातलं. झुंबरचं नाव पोलिसांनी कुठून काढलं, ते मी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मंडपाच्या मागच्या बाजूनं एक बाई उठून सरळ पुढं आली. केस पिकायला लागलेले, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. जिचं मी वजन केलं होतं ती. सुरकी माझ्या अगदी जवळ येऊन थांबली. ओरडली नाही, रडली नाही. मला खाली उतरायचं होतं, तर तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली,

"नर्सबाई, सही केली न्हाई त्ये लई ग्वाड सांगितलं. आता माज्या मालकाचं नाव कुनी दिलं हुतं, त्ये बी सांगा. माईक चालू हाय आजून."