दूध संस्थेच्या खणातलं इंजेक्शन

नोकरीतल्या मोठमोठ्या केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण दुधाचं फॅट मोजायच्या मशीनखालच्या खणात सापडलेली ती पिवळी डबी मला अजून जशीच्या तशी आठवते. त्या प्रकरणात शेवटी गुन्हा दाखल झाला नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. तरीही राजारामपुरीतल्या घरी कोणी पाहुणा आला आणि 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणाला, की मला हीच आधी सुचते.

गावाचं नाव सांगणार नाही. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळावं लागतं, एवढं पुरे. त्या भागातलं पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. गाव दुधाचं, आणि गावात दूध संस्था दोन. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. दोन संस्था म्हणजे दोन गट, दोन गणपती, आणि निवडणूक आली की माझा दुप्पट बंदोबस्त. एका संस्थेचा सभासद दुसरीच्या कट्ट्यावर पावसात आडोशालासुद्धा उभा राहायचा नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यांपैकी एका संस्थेचे चेअरमन ठाण्यात आले. भरघोस मिशा, पांढरा फेटा आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या ठाणे अंमलदाराला कान टवकारायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः उठून दार लावलं, तेव्हाच मी ओळखलं की खबर आहे. विरुद्ध संस्थेचा सेक्रेटरी म्हशींना पान्हवायची इंजेक्शनं पुरवतो आणि ती संस्थेतच फॅट मशीनच्या खणात ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. दूध घालायला गेलेल्या कुणीतरी डबी डोळ्यांनी पाहिली होती.

गटबाजीतून आलेल्या खबरी मी चिमटीत धरूनच घ्यायचो. त्यांना तसं बोलूनही दाखवलं. त्यावर माणूस एकदम खचल्यासारखा झाला.

"सायेब, राजकारण न्हवं ह्ये," ते म्हणाले. "गेल्या सालच्या गणपतीत त्येंच्या मंडळाचा पेढा माझ्या नातीनं खाल्ला. त्येंच्याच दुधाचा. व्हट सुजलं, आंग फुललं, दम लागला. कोल्हापुरात न्हेईपतूर पोरगी हातातनं जायाची येळ आलती. आमचं दूध रोज गिलासभर पितीया, तवा काय हुत न्हाय. मग त्येंच्या दुधात काय हाय, सांगा की."

डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हा खोटं बोलत नव्हता.

जनावरांना ती इंजेक्शनं टोचणं गुन्हा आहे, आणि मी स्वतः म्हशीच्या घरात वाढलेला. आमच्या बीट हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन मी निघालो. संस्थेत दुपारची सामसूम होती. सेक्रेटरी म्हणजे पन्नाशीचा, काटकुळा, चष्मा नाकावर उतरलेला गृहस्थ. मुलं पुण्याला नोकरीला, घरी नवरा-बायको दोघंच. खण उघडा म्हटल्यावर त्याने मुकाट्याने उघडला. आत पिवळी डबी, डबीत जाड खडूएवढं एक तयार इंजेक्शन, वर परदेशी कंपनीचं नाव. चोरबाजारातली पान्हवायची औषधं बिनलेबलच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत येतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. ही वस्तू वेगळी होती. कुणासाठी, कुठून आणली, बिल कुठं आहे, या एकाही प्रश्नाला सेक्रेटरी उत्तर देईना. म्हशीसाठी नाही, एवढंच म्हणत राहिला. पंचनामा केला, डबी चौकशीसाठी ताब्यात घेतली आणि त्यालाही जीपमध्ये बसवलं.

ठाण्यात आणलेला माणूस पहिल्यांदा काय मागतो, याकडे मी नेहमी लक्ष द्यायचो. कोणी वकील मागतो, कोणी फोन, कोणी पाणी. काहीजण थेट आमदारांचं नाव घेतात. या सेक्रेटरीने तसलं काहीच मागितलं नाही. हवालदार लाख आणि मेणबत्ती घेऊन आला, तसा तो खुर्चीतून उठलाच.

"सायेब, माझं काय करायचं ते करा, पण डबीला सील करू नगासा. उनात ठिऊ नगासा, आन् फ्रीजमधीबी नगं. उद्या सकाळी तेवढी डबी गावात पायजे."

आमची मुद्देमालाची खोली पत्र्याची. ऑक्टोबरच्या उन्हात ती तव्यासारखी तापायची. मी लाख-मेणबत्ती परत पाठवली आणि डबी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. विकायला आणलेल्या मालाची अशी काळजी कोणी करत नाही; धंदेवाल्याला मालापेक्षा सुटका प्यारी असते. इथं माणूस स्वतःला विसरून डबीच्या मागे लागला होता.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या होत्या. डबीचा फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला. काहींना एखादा पदार्थ किंवा गांधीलमाशीचा डंख इतका बाधतो की घसा सुजून श्वास कोंडतो. अशा वेळी हे मांडीत दाबायचं, म्हणजे दवाखाना गाठण्यापुरता वेळ मिळतो. हेच औषध सरकारी दवाखान्यात काचेच्या कुपीत असतं आणि फुकट मिळतं. पण कुपी फोडून, मोजून, सुईत ओढून टोचायला शिकलेला हात लागतो, आणि घाबरलेल्या आईकडून ते होत नाही. तयार इंजेक्शन बाहेरून मागवावं लागतं, महाग पडतं, शिवाय मुदत संपली की टाकून नवीन घ्यायचं. बाई म्हणाल्या, "साहेब, ज्याचं असेल त्याला लवकर परत द्या."

म्हणजे म्हशीचा प्रश्न मिटला. राहिला माणसाचा, आणि सेक्रेटरीच्या घरात तर असं आजारी कोणी नव्हतं. मी हवालदाराला विचारलं, उद्या सकाळी गावात काय आहे? तो म्हणाला, चेअरमनच्या संस्थेचा वर्धापनदिन. शाळेतल्या सगळ्या पोरांना मसाला दूध वाटणार आहेत. पहिला पेला चेअरमन स्वतःच्या हाताने नातीला देणार, फोटोवालाही सांगितलाय.

शाळा कुठं, म्हणून विचारलं. तर सेक्रेटरीच्या संस्थेला लागून.

मी सेक्रेटरीसमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, इंजेक्शन शाळेतल्या पोरासाठी आहे, ते पोर कोण तेही मला कळलंय. त्याने चष्मा काढून पुसला. "सायेब, मी शब्द दिलाय," एवढंच बोलला. मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला. चौकशीत गप्प बसणारे पुष्कळ भेटतात, बहुतेक स्वतःसाठी गप्प असतात.

त्याचा शब्द मोडायची वेळ आली नाही. चारच्या गाडीने चेअरमनची सून ठाण्यात आली. जीप डबी घेऊन गेली हे गावभर झालं होतं. डोक्यावरचा पदर दातात धरून ती बाकड्यावर बसली होती. माझ्यापुढे आल्यावर मात्र तिने पदर सोडला आणि सरळ बोलली. "त्ये इंजेक्शन माझ्या लेकीचं हाय, सायेब. सेक्रेटरीकाकांनी निस्तं सांभाळलंय."

पोरीला दुधाचीच ॲलर्जी होती. म्हशीचं, गाईचं, कुठल्याही संस्थेचं. तान्ही असल्यापासून दूध दिलं की अंगावर पित्त उठायचं, म्हणून आई देत नव्हती. गेल्या वर्षी गणपतीतल्या पेढ्यानंतर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आता दूध संस्थेच्या चेअरमनच्या घरात हे बोलायचं कसं? नवरा टेम्पोवर, आठवड्यातून एकदा घरी. त्यालाही बापापुढे तोंड उघडायचं धैर्य नव्हतं. तिने माहेरहून आलेली आपली म्हैस विकली आणि सासऱ्याला सांगितलं की भावाकडे परत पाठवली. बाजारात ती विकून दिली सेक्रेटरीने, इंजेक्शन मागवलं त्यानेच, आणि ते ठेवलंही त्याच्याच खणात, कारण शाळेच्या भिंतीपलीकडे भरवशाचा दुसरा माणूस नव्हता. पावसाळ्यात रस्त्यावरचा बंधारा पाण्याखाली गेला की दवाखाना असून नसल्यासारखा. हे सगळं विरुद्ध गटाच्या माणसाने केलं होतं, आणि गावात कुणाला कळू दिलं नव्हतं.

आता त्या इंजेक्शनची मुदत संपत आली होती. विकायला दुसरी म्हैस नव्हती. सरकारच्या उपचार योजनेतून मिळेल म्हणून सेक्रेटरीने चौकशी केली, तर ती योजना माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर खर्च देते; दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून घरात ठेवायच्या औषधाला देत नाही. हे ऐकून मी सरकारी नोकर असूनही कपाळावर हात मारला. शासनाच्या वैद्यकीय मदत निधीतून मात्र खास बाब म्हणून होण्यासारखं होतं. त्याला डॉक्टरांचं पत्र, उत्पन्नाचा दाखला आणि कुटुंबप्रमुखाची सही लागत होती. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं चेअरमनच्या सहीपाशी.

खबर देणाऱ्याचं नाव मी उभ्या नोकरीत कधी फोडलं नाही. तेव्हाही सेक्रेटरीला किंवा सुनेला एका शब्दाने कळू दिलं नाही. चेअरमनना बोलावलं ते मुलीचे आजोबा म्हणून. ते आले, सुनेला बघून दचकले, सेक्रेटरीला बघून त्यांची मान ताठ झाली. मी डबी टेबलावर ठेवली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"दुधानं?" ते हसलेच. "आवो सायेब, आमच्या घरचं दूध रोज पितीया पोरगी. माझ्या म्होरं गिलास घिऊन आत जाती."

सून दाराशी उभी होती. खाली बघतच म्हणाली, "त्ये दूध मी पितो, मामंजी. तिनं येकदाबी पिल्यालं न्हाई. तुमी नाराज हुशीला म्हून मी दाराआड पितो."

चेअरमननी टेबलावरची डबी उचलून परत ठेवली. मग हळूच माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिलो. ज्या डबीवर त्यांनी पोलीस आणले, ती त्यांच्याच नातीसाठी होती, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागू नये अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी कोपरीच्या खिशातून चष्मा काढला आणि सुनेला म्हणाले, "सही कुठं करायची, दाव."

गुन्हा दाखल नव्हताच. स्टेशन डायरीत नोंद करून डबी सुनेच्या हाती दिली, संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला ती परत त्या खणात होती. दुसऱ्या दिवशी वर्धापनदिनाला शाळेत केळी वाटली. दूध संस्थेने केळी का वाटली यावर गावाने महिनाभर चर्चा केली.

पुढचं काम मात्र त्यांनीच तडीला नेलं. कागद कोल्हापुरातून एकदा परत आले, 'रुग्ण दाखल नाही' असा शेरा घेऊन. चेअरमन स्वतः त्या कार्यालयात जाऊन बसले; कोल्हापुरात काम होतं म्हणून मीही सोबत होतो. ज्या गोष्टीची घरात कुजबूज करायची चोरी होती, ती त्यांनी तिथं सगळ्या कारकुनांना खड्या आवाजात सांगितली: मी दूध संस्थेचा चेअरमन, माझ्या नातीला दूध चालत न्हाय, आन् ती दाखल व्हायची वाट बघू काय मी? चंदगडकडचा एक बाप तिथंच बाकावर बसला होता. त्याच्या मुलाला काजू बाधायचा, आणि घर काजूच्या बागेत. त्याचेही कागद यांनीच पुढे सरकवले. बंदोबस्ताच्या दिवसांत माझं डोकं उठवणारा तो आवाज त्या दिवशी मला गोड वाटला.

या प्रकरणाने मला खबरीकडे बघायला शिकवलं. खबर खरी की खोटी, एवढंच तोवर मी तपासत आलो होतो. त्यानंतर मी आधी खबर आणणाऱ्याची भीती कसली आहे ते विचारू लागलो. त्या गावात आजोबा, सून आणि सेक्रेटरी तिघंही एकाच पोरीला जपत होते, आणि एकमेकांना काही न सांगता जपत होते, म्हणून तर मला जीप काढावी लागली. हाताखालच्या पोरांना मी हे पुष्कळदा सांगितलं. किती जणांनी मनावर घेतलं, देव जाणे.

माझ्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा मी सेक्रेटरीचा निरोप घ्यायला त्याच्या संस्थेत गेलो होतो. बोलत बसलो होतो तोच चेअरमन नातीचा हात धरून कट्टा चढून आत आले. दूध घालायला आलेल्या बाया किटल्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. निधीतून दोन इंजेक्शनं मंजूर झाली होती, एक घरी ठेवलं होतं. दुसरं त्यांनी आपल्या हाताने खणात ठेवलं, खण लावला आणि सेक्रेटरीकडे न बघता म्हणाले, "खबर मी दिलती."

त्यांनी स्वतःच हे सांगून टाकलं, म्हणून आज मी इथं लिहू शकतो.

"ठावं हाय मला," सेक्रेटरी म्हणाला. "बसा. च्या टाकतो."

चेअरमन बाकड्यावर बसले, नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "कोरा कर. पोरगी संगं हाय."